कर्जत-खालापुरांतील सुईणपण व नवशिक्षित सुईणीची स्थिति

(१)

राजपुरुषांच्या जन्मतिथि निश्चित करण्यासाठीं महाराष्ट्रांतील संशोधकांनीं आजवर पुष्कळ परिश्रम केले आहेत. शकावल्या ताडून पाहिल्या, जंत्र्या उलगडल्या, वार व नक्षत्र यांचा मेळ घातला. परंतु ज्या प्रसंगाची तिथि एवढ्या काळजीनें ठरविली, त्या प्रसंगीं बाळंतिणीजवळ कोण बसली होती हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सुईणीचा कागद नाहीं, आणि ज्याचा कागद नाहीं त्यास आपल्या इतिहासांत जागा मिळत नाहीं. तथापि सुईणीस शिकविण्याचे जे प्रयत्न गेल्या सुमारें एकशें चाळीस वर्षांत झाले, त्यांचे कागद आहेत. ते क्रमानें वाचले असतां एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती या लेखांत मांडावयाची आहे.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें: सुईण शिकवून तयार करण्याची व्यवस्था आपल्याकडे वारंवार झाली, परंतु प्रमाणपत्र हातीं घेऊन बाहेर पडलेल्या सुईणीस पहिलीं दोन-चार वर्षें संभाळून घेण्याची व्यवस्था क्वचितच झाली, आणि जेथें ती झाली तेथेंच शिक्षण फळास आलें. हें पडताळून पाहण्यासाठीं आम्ही रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागांतील कर्जत व खालापूर हे दोन तालुके व त्यांतील ठाकुरवाड्या दृष्टीसमोर ठेविल्या आहेत.

(२)

ठाकुरवाडी हें कोणा एकाच गांवाचें नांव नव्हे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ठाकूर अथवा ठाकर जमातीच्या वस्तीस हें नांव ठिकठिकाणीं पडलेलें आहे. मूळ गांव बहुधा खालीं सपाटीस, भातशेतीच्या कडेला असतें, आणि त्याची ठाकुरवाडी वर माळावर किंवा डोंगराच्या सोंडेवर असते. मा ठाकूर व का ठाकूर असे या जमातीचे दोन मुख्य भेद आहेत. त्यांच्या शेजारीं कातकऱ्यांचीही वस्ती आढळते.

हा प्रदेश मुंबईपासून दूर नाहीं. बोरघाटांतील लोहमार्ग इ. स. १८६३ मध्यें सुरू झाला. त्यावर पळसदरी व मंकी हिल यांच्या दरम्यान ठाकुरवाडी याच नांवाचें लहानसें ठाणें आहे. खोपोलीस १९१५ मध्यें व भिवपुरीस १९२२ मध्यें टाटांचीं जलविद्युत्केंद्रें सुरू झालीं, आणि घाटमाथ्यावरच्या पाण्यानें मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. मुंबईची आगगाडी व मुंबईची वीज इतक्या जवळून गेली, तरी डोंगरावरच्या अनेक वाड्यांची वाट पायवाटच राहिली.

राज्यकारभाराच्या सोयीनें आंखलेल्या सीमाही बाळंतिणीच्या सोयीच्या नव्हत्या. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ मध्यें रायगड झालें. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण अलिबाग समुद्रकांठीं, तर कर्जत घाटाच्या पायथ्याशीं. आज कर्जतेस उपजिल्हा रुग्णालय व कशेळें येथें ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु वाडीवरून तेथवर येण्याचा पहिला टप्पा अजूनही कित्येक ठिकाणीं झोळीचाच असतो. दोन माणसांनीं खांद्यावर घेतलेल्या बांबूस बांधलेली ती झोळी पावसाळ्यांत ओढ्याशीं आली म्हणजे ओढा उतरेपर्यंत थांबते.

खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींत इर्शाळवाडी ही ठाकुरांचीच वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं आले, आणि अनेक माणसें मातीखालींच राहिलीं. मदतीस आलेल्या पथकांस अंधारांत, पावसांत पायीं चढून जावें लागलें. जड यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. त्या दोन-चार दिवसांत साऱ्या महाराष्ट्रास ती वाट ठाऊक झाली. परंतु अशाच वाटा लसीची पेटी खांद्यास अडकवून नर्सबाई वर्षानुवर्षें चढत आल्या आहेत, ही गोष्ट त्या वेळीं फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं.

(३)

सुईण या शब्दांत प्रसवार्थक 'सू' धातु स्पष्ट दिसतो. दाई हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. तो संस्कृत 'धात्री' शब्दाचा सगोत्र आहे. शब्द जुने आहेत तशी त्यामागची विद्याही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत प्रसूतिसमयीं कोणीं जवळ असावें हें सांगितलें आहे. चार स्त्रिया असाव्या. त्या विश्वासू, पोक्त वयाच्या, प्रसूतिकर्मांत कुशल आणि नखें कापलेल्या असाव्या, असा त्याचा आशय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांतही सूतिकागाराची रचना व तेथील स्त्रियांचे गुण वर्णिले असून, त्या स्वतः अनेकदां प्रसूत झालेल्या व स्नेहशील असाव्या, अशी अपेक्षा आहे.

नखें कापण्याच्या नियमाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे, व तें योग्यच आहे; व्हिएन्ना येथें सेमेल्वाइस यानें हात धुण्याचा नियम घातला तो १८४७ सालीं. परंतु आम्हांस त्या वचनांतील संख्या अधिक महत्त्वाची वाटते. ग्रंथकारानें चार स्त्रिया सांगितल्या आहेत. प्रसूतीजवळ एकट्या स्त्रीनें असावें ही कल्पना त्यास मान्य नव्हती. एक थकली तर दुसरी हवी, एक चुकली तर तिसरी सांगणारी हवी, एवढा साधा व्यवहार त्यामागें असावा.

याच विषयावर डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ मध्यें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्त्री वैद्यक महाविद्यालयांत आपला प्रबंध लिहिला. आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा त्याचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली होती; परंतु १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्या पुण्यास निवर्तल्या. शिकून आल्या आणि काम करावयाचें राहिलें, अशी ही आरंभींचीच हकीकत आहे.

वाडीवरची परंपरागत सुईण ग्रंथ वाचीत नव्हती. परंतु तिच्या शिक्षणाची रीति विचार करण्याजोगी आहे. ती सासूच्या किंवा आईच्या शेजारीं बसून शिकली. पहिलीं कित्येक बाळंतपणें तिनें नुसतीं पाहिलीं, पुढें पाणी तापविलें, पुढें कमर चोळली, आणि वडील बाईचे हात थकल्यावर तिचे हात पुढें झाले. ती त्याच वाडीची, तिचें घर तेथेंच, तिची बोली तीच. पाचवीच्या पूजेला तिचा मान असे. धान्य, लुगडें, चोळी असें तिचें देणें ठरलेलें असे. या व्यवस्थेचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. अस्वच्छ पात्यानें नाळ कापल्यामुळें नवजात बाळें धनुर्वातानें गेलीं, आणि मूल आडवें आलें असतां सुईणीचें कांहीं चाललें नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. म्हणणें एवढेंच कीं, जुन्या सुईणीस ज्ञान थोडें होतें, परंतु ती एकटी नव्हती. नवीन सुईणीस ज्ञान मिळालें आणि त्याच वेळीं तिची सोबत गेली.

(४)

इ. स. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांच्या पुढाकारानें हिंदी स्त्रियांस स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठीं एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला. तो डफरिन फंड या नांवानें प्रसिद्ध आहे. स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण देणें, औषधोपचाराची सोय करणें, आणि शिकलेल्या परिचारिका व सुईणी पुरविणें, असे त्याचे तीन उद्देश होते. मुंबईस पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीनें उभारलेलें स्त्रियांचें रुग्णालय १८८६ मध्यें सुरू झालें. १९०३ मध्यें लेडी कर्झन यांनीं परंपरागत दायांस शिकविण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ति निधि काढला. त्यांत काम करणाऱ्या डॉक्टर स्त्रियांस लौकरच कळून चुकलें कीं, दाईला कांहीं महिने शिकवून परत धाडल्यानें भागत नाहीं. तिच्याकडे वेळोवेळीं जाऊन येणारें, तिचें काम पाहणारें माणूस नसेल तर ती पुनः जुन्या वळणावर जाते.

पुण्याच्या सेवासदनानें ही गोष्ट अधिक चांगली ओळखली. १९०९ मध्यें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं ही संस्था उभी केली, आणि ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुईणीचें शिक्षण घेण्यासाठीं स्त्रिया पाठविण्यास आरंभ केला. त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. बाळंतपणाचें काम हलकें मानण्याचा तो काळ. अशा वेळीं सेवासदनानें या स्त्रियांसाठीं वसतिगृह चालविलें. रात्रपाळी करून येणाऱ्या तरुण विधवेस परत येण्यासाठीं एक प्रतिष्ठित घर मिळालें, तिच्यावर येणारा बोल संस्थेनें आपल्या अंगावर घेतला, म्हणून ती त्या व्यवसायांत टिकली. या कामांत पाठ्यपुस्तकापेक्षां वसतिगृहाचा वांटा लहान होता असें आम्हांस वाटत नाहीं.

इंग्लंडमध्यें सुईण कोणास म्हणावें हें ठरविणारा कायदा १९०२ मध्यें झाला. परंतु नोंदलेल्या सुईणीचें पोट कसें भरावें हा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. स्थानिक अधिकाऱ्यांनीं पगारी सुईणींची पुरेशी व्यवस्था करावी असा कायदा व्हावयास १९३६ साल उजाडलें. म्हणजे नोंदणीपासून वेतनापर्यंत जाण्यास त्या देशास चौतीस वर्षें लागलीं. मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुईणी व आरोग्यनिरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्यें झाला. येथेंही आधीं नोंदवही आली, आणि निर्वाहाची हमी मागें राहिली.

मुंबई शहरांत बाळंतिणी कां दगावतात याचा पद्धतशीर तपास डॉ. जेरुशा झिराड यांनीं केला व त्याचें प्रतिवृत्त १९४१ मध्यें प्रसिद्ध झालें. कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदावर आलेल्या त्या पहिल्या हिंदी स्त्री होत. त्यांचा बेने इस्राएल समाज मूळचा कुलाब्याच्या किनारपट्टीवरचा व मराठी बोलणारा. त्याच जिल्ह्याच्या डोंगरकडेला मात्र असा तपास करणारें कोणी पोंचलें नव्हतें.

सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ मध्यें आपला अहवाल दिला. त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानांत शिकलेल्या सुईणी सुमारें ५,००० होत्या. म्हणजे ६०,००० लोकांमागें एक. या आंकड्याचा उल्लेख नेहमीं होतो. त्याच अहवालांत परिचर्येचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे कामाचे तास, राहण्याची जागा व वेतन यांच्या हलाखीकडेही लक्ष वेधलेलें आहे. त्याचा उल्लेख मात्र क्वचित् होतो. संख्या वाढविण्याची शिफारस अमलांत आली. स्थिति सुधारण्याची शिफारस पुढच्या समितीकडे गेली.

(५)

स्वातंत्र्योत्तर काळांत हाच क्रम चालू राहिला. १९५१ मध्यें पंजाबांतील तरनतारन येथें साहाय्यक परिचारिका-प्रसविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रथम सुरू झाला. १९५४ मध्यें शेट्टी समितीनें परिचारिकांच्या सेवाशर्तींचा विचार केला. १९७३ मध्यें कर्तारसिंग समितीनें बहुद्देशीय कार्यकर्त्यांची कल्पना मांडली, आणि त्यानंतर प्रसविकेचें शिक्षण दीड वर्षांवर आणून तिच्यावर हिवतापापासून कुटुंबनियोजनापर्यंत सर्व कामें सोंपविलीं. १९८९ मध्यें सरोजिनी वरदप्पन यांच्या समितीनें निवास, वाहन व कामाचे तास यांविषयीं पुनः शिफारशी केल्या. पुढें अभ्यासक्रम परत दोन वर्षांचा झाला. पस्तीस वर्षांत तीच दुखणीं दोन समित्यांस दोनदां लिहावीं लागलीं, यावरून मधल्या काळांत काय झालें याचा अंदाज वाचकांनीं करावा.

उपकेंद्राचा मापदंड सपाटीवर ५,००० लोकवस्तीस एक व डोंगराळ, आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक असा आहे. कागदावर हा मापदंड उदार दिसतो. परंतु सपाटीवरचे पांच हजार लोक दोन-तीन गांवांत राहतात, आणि डोंगरांतले तीन हजार दहा-बारा वाड्यांत विखुरलेले असूं शकतात. लोकसंख्या मोजली जाते. चढ मोजला जात नाहीं.

२००५ मध्यें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें. गांवोगांव आशाताई आल्या, रुग्णालयांत बाळंत होणाऱ्या स्त्रीस जननी सुरक्षा योजनेखालीं पैसे मिळूं लागले, आणि उपकेंद्रांत दुसऱ्या परिचारिकेची सोय झाली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ मध्यें सुरू झाली. या योजनांनीं पुष्कळ माता वांचल्या, यांत शंका नाहीं. परंतु नवशिक्षित सुईणीच्या बाजूनें पाहिलें असतां दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी कीं, ही दुसरी परिचारिका बहुधा कंत्राटी. एकाच उपकेंद्रांत, एकाच वाडीस जाणाऱ्या दोघींपैकीं एकीस पूर्ण वेतन, रजा व निवृत्तिवेतनाची आशा, आणि दुसरीस वर्षा-वर्षानें नवा करार. नवीन शिकून आलेली मुलगी बहुधा या दुसऱ्या जागीं येते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रसूति रुग्णालयांत होऊं लागल्यामुळें उपकेंद्रांतील परिचारिकेच्या हातून बाळंतपणें फार थोडीं होतात. तिचा वेळ लसीकरण, तपासण्या, सर्वेक्षण व नोंदवह्या यांत जातो. हाताचा सराव सुटतो. परंतु ओढ्यास पूर आला, झोळी अडकली, रुग्णवाहिका खालच्या रस्त्यावर उभी राहिली, म्हणजे सर्वांचे डोळे तिच्याकडेच लागतात. जिनें वर्षांत दोन बाळंतपणें केलीं नाहींत तिनें त्या रात्रीं सर्व कांहीं करावें, आणि बाळ गेलें तर जाबही तिनेंच द्यावा, अशी अपेक्षा असते.

शिक्षकी पेशांतील आमच्या सारख्यांस याची थोडी कल्पना येऊं शकते. नवा शिक्षक एकशिक्षकी शाळेवर गेला म्हणजे त्याचें काय होतें हें आम्ही पाहिलें आहे. परंतु शिक्षकाची चूक दुसऱ्या दिवशीं फळ्यावरून पुसतां येते.

उपकेंद्राशेजारीं राहण्यास खोली असावी अशी योजना आहे. पुष्कळ ठिकाणीं ती खोली पावसांत गळते, तिला धड कडी नसते, पाणी लांबून आणावें लागतें. मग परिचारिका कर्जत, नेरळ किंवा खोपोलीस राहून ये-जा करते, आणि लोक म्हणतात, नर्सबाई रात्रीं नसते. आक्षेप खोटा नाहीं. पण बावीस वर्षांच्या मुलीनें माळावरच्या एकाकी इमारतींत रात्र काढावी, अशी अपेक्षा करणाऱ्यानें ती आपल्या मुलीकडूनही करून पाहावी.

(६)

उलट बाजूचे पुरावेही महाराष्ट्रांतच आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० मध्यें अहमदनगर जिल्ह्यांत जामखेड येथें काम सुरू केलें. आरंभीं त्यांनीं शिकलेल्या परिचारिकांस खेड्यांत राहण्यास पाठविलें. तो प्रयोग टिकला नाहीं. परक्या गांवांत एकट्या स्त्रीस सुरक्षित वाटेना, आणि गांवही तिला आपली म्हणेना. तेव्हां त्यांनीं गांवांतीलच, बहुधा निरक्षर, वयस्क स्त्रिया निवडल्या. या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडास येत, तेथें मुक्काम करीत, आठवड्याचे अनुभव एकमेकींस सांगत, आणि नवें शिकून परत जात. परिचारिकांचें फिरतें पथक त्यांच्या पाठीशीं असे. जामखेडच्या यशाची कारणें अनेक आहेत. परंतु हा आठवड्याचा मुक्काम वगळून त्याचा उलगडा होत नाहीं.

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवांतील स्त्रियांस नवजात बाळाची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले. या आरोग्यदूतांकडे पर्यवेक्षक नियमानें जात, त्यांच्या नोंदी तपाशीत, आणि चुकल्यास तेथेंच दुरुस्त करीत. शिकविल्यावर पाठ फिरविली नाहीं, हेंच या दोन्ही प्रयोगांतलें समान सूत्र.

परदेशांतही शहाणपण याच दिशेनें गेलेलें दिसतें. न्यूझीलंडमध्यें नव्यानें पदवी घेतलेल्या सुईणीस पहिल्या वर्षीं एक अनुभवी सुईण मार्गदर्शक म्हणून नेमून देण्याची योजना २००७ मध्यें सुरू झाली, व २०१५ पासून ती सर्व नवपदवीधरांस आवश्यक झाली. सासूशेजारीं बसून शिकणारी ठाकुरवाडीची सून व वेलिंग्टनची नवपदवीधर यांच्यांत अंतर मोठें आहे. पण वडील हाताशेजारीं नवा हात ठेवावा, ही रीति एकच आहे.

(७)

भारत सरकारनें २०१८ मध्यें प्रसविका-सेवेविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध करून अठरा महिन्यांच्या विशेष शिक्षणाची योजना आंखली. १९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्यें झाला. सुईणपण ही स्वतंत्र व प्रतिष्ठित विद्या आहे हें त्यांत मान्य झालें. परंतु वर दिलेला इतिहास लक्षांत घेतां, नव्या अभ्यासक्रमानें जुनी उणीव आपोआप भरून निघेल असें मानण्यास आधार नाहीं. १८८५, १९०३, १९३५, १९५१ या प्रत्येक पायरीवर हीच आशा होती.

कर्जत-खालापुरापुरतें बोलावयाचें तर मागणें मोठें नाहीं. नवशिक्षित परिचारिकेस पहिलें वर्ष एकटीस डोंगरी उपकेंद्रावर धाडूं नये. त्या वर्षांतील कांहीं महिने तिनें कर्जत किंवा कशेळें येथील प्रसूतिकक्षांत वडील परिचारिकेच्या हाताखालीं काढावे, म्हणजे हाताचा सराव राहील. व पुढेंही दर महिन्यास तिला तेथें परत बोलवावें. एका जाणत्या परिचारिकेचें नांव व दूरध्वनि तिच्याजवळ असावा, आणि रात्रीं विचारल्यास राग न येणारी अशी ती असावी. निवासाची खोली दोघींची, कडीची व पाण्याची असावी. वेतन महिन्याच्या महिन्यास मिळावें, आणि करार दरवर्षीं टांगता नसावा. वाडीवर जुनी सुईण हयात असल्यास तिला अडाणी म्हणून दूर न सारतां नव्या मुलीची वाडीशीं ओळख तिच्याकरवीं करून द्यावी. ज्या घरीं परकी स्त्री पोंचत नाहीं तेथें ती पोंचते.

संशोधकांपाशींही एक विनंति आहे. उपकेंद्रांतील व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील जुन्या जन्मनोंदींच्या वह्या वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडण्यापूर्वीं पाहाव्या. कोणत्या वाडीवर, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या हातून बाळ जन्मास आलें, हें त्यांत लिहिलेलें सांपडण्याचा संभव आहे. दप्तरखान्यांतील मोडी रुमालांइतकीच काळजी या वह्यांची घेणें अवश्य आहे. तसेंच वाड्यांवरच्या वृद्ध सुईणींकडून त्यांच्या कामाची हकीकत त्यांच्याच बोलींत लिहून घ्यावी. हें काम पुढच्या पिढीवर टाकण्याजोगें नाहीं, कारण सांगणाऱ्या स्त्रिया थोड्याच राहिल्या आहेत.